यकृत प्रत्यारोपणानंतर स्वादुपिंडात सिस्ट आढळली: कर्करोगाचा धोका कितपत?

गोदाकाठ, नाशिक

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझ्या वडिलांचे, वय ६३, चार वर्षांपूर्वी यकृत प्रत्यारोपण झाले. हिपॅटायटिस सीमुळे सिरॉसिस झाला होता आणि माझ्या धाकट्या भावाने आपल्या यकृताचा उजवा भाग त्यांना दिला. तेव्हापासून प्रकृती चांगली आहे. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांतच मधुमेह जडला आणि क्रिएटिनिन दीडच्या आसपास राहते. याखेरीज तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांच्या अंगाला खाज सुटू लागली. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज व जीजीटी (पित्त तुंबल्यावर वाढणारे घटक) बरेच वाढलेले निघाले आणि बिलिरुबिन २.८ झाले होते, म्हणून एमआरसीपी (पित्त व स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणारा एमआरआय) केली. पित्तनलिका जिथे जोडली आहे तिथे ती आकसल्याचे दिसले. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण नेऊन, तिथे स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) घातला, खाज थांबली. मात्र त्याच अहवालाच्या शेवटी स्वादुपिंडाविषयी चार ओळी होत्या, त्या आम्ही घरी आल्यावर नीट वाचल्या. स्वादुपिंडाच्या मानेजवळ १६ मिलिमीटरची, अनेक कप्पे असलेली सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) आहे, ती मुख्य नलिकेशी जोडलेली असावी, मुख्य नलिका २.५ मिलिमीटर रुंद आहे, सिस्टच्या आत घट्ट गाठ दिसत नाही, आणि शाखा-नलिकेतील आयपीएमएन (नलिकेत चिकट स्राव तयार करणारी सिस्ट) असण्याची शक्यता आहे, असे तिथे लिहिले आहे. त्याच आठवड्यात केलेली सीए १९-९ ही रक्ततपासणी, जी स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढू शकते, ८८ आली. प्रयोगशाळेची मर्यादा ३७ आहे.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. त्यांच्यावर आमचा विश्वास आहे, परंतु बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत सविस्तर बोलणे झाले नाही. आयपीएमएन ही कर्करोगाची पूर्वावस्था असते असे वाचले, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे कर्करोगाचा धोका वाढतो हे तर प्रत्यारोपणाच्या वेळीच सांगितले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका दुप्पट, चौपट होतो का? सहा महिने थांबणे योग्य आहे का? एका परिचितांचे म्हणणे असे की टॅक्रोलिमसची मात्रा लगेच निम्मी करून घ्यावी. आणि आत्याने विचारले की ही गाठ भावाच्या यकृताबरोबर तर आली नाही ना. तिचा प्रश्न ऐकून भाऊ दोन दिवस गप्प होता, म्हणून त्याचेही उत्तर कुणी स्पष्ट शब्दांत दिले तर फार बरे होईल.


दुसरी पहाट, ठाणे

ताई, मी स्वतः प्रत्यारोपण झालेला रुग्ण आहे आणि माझ्याही स्वादुपिंडात अशीच सिस्ट आहे, फक्त माझी आधी सापडली. प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांत ती दिसली तेव्हा आमच्यासमोर प्रश्न वेगळाच होता: या सिस्टमुळे प्रत्यारोपण नाकारले जाईल का? जवळच्या नातेवाईकाचे यकृत जुळत होते, कागदपत्रे तयार होती, आणि एकाएकी सगळे थांबले.

त्या वेळी माझी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड तपासणी झाली. घशातून दुर्बीण जठरात नेतात आणि तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने स्वादुपिंड अगदी जवळून पाहतात. सिस्टच्या भिंतीवर गाठ नाही, मुख्य नलिका फुगलेली नाही आणि आकार लहान आहे, एवढी खात्री झाल्यावर प्रत्यारोपणाच्या समितीने पुढे जाण्यास संमती दिली. मला तेव्हा समजावून सांगण्यात आले की अशा कमी धोक्याच्या सिस्टमुळे पुढे काही होण्याची शक्यता अल्प आहे आणि ते झालेच तर बहुधा बऱ्याच वर्षांनी होईल, पण यकृत न बदलल्यास माझ्यापाशी तितकी वर्षे नव्हती. हा हिशेब मला पटला. मुख्य नलिकाच फुगलेली असती किंवा आत गाठ असती, तर आधी तिचा निकाल लावावा लागला असता, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

त्यानंतर कित्येक वर्षे माझा एमआरआय ठरलेल्या वेळी होत आहे आणि सिस्ट जवळपास होती तशीच आहे. माझ्या एकट्याच्या अनुभवावरून तुमच्या वडिलांविषयी निष्कर्ष काढू नये. परंतु अहवालातील ते शब्द वाचल्यावर घरात जी शांतता पसरते ती मला ठाऊक आहे, म्हणून लिहिले.


पोटविकार, कोल्हापूर

मी पोटविकार व यकृतरोगाचा डॉक्टर आहे. वडिलांचे मूळ अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढील विवेचन आपण त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचावे.

आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण ते निःसंदिग्ध आहे. प्रत्यारोपणात केवळ यकृत बदलले जाते. स्वादुपिंड वडिलांचे स्वतःचे, जन्मापासूनचे आहे आणि सिस्ट त्यात तयार झालेली आहे. भावाच्या यकृताचा तिच्याशी काहीही संबंध नाही. हे त्याला आजच सांगावे.

आता सिस्टविषयी. स्वादुपिंडातील सिस्ट ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. इतर कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये शेकडा दोन-तीन जणांत ती आढळते. एमआरआयमध्ये त्याहून बरीच अधिक, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांच्या पोटाची प्रतिमा आधीही आणि नंतरही वारंवार घेतली जाते. विशेषतः जिवंत दात्याकडून यकृत घेतलेल्यांत पित्तनलिकेचा जोड आकसण्याचे प्रमाण जास्त असल्याने त्यांची एमआरसीपी होते, आणि स्वादुपिंडातील बारीकशी सिस्टही दाखवण्यात एमआरसीपी फार तरबेज आहे. आपल्या वडिलांच्या वयाच्या, प्रत्यारोपण न झालेल्या अनेक गृहस्थांच्या पोटात अशी सिस्ट असेल आणि त्यांना ती कधीच कळणार नाही.

सगळ्या सिस्ट एका जातीच्या नसतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर राहणारी आभासी सिस्ट असते, तिच्यातून कर्करोग होत नाही. सीरस प्रकारची सिस्टही जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. म्युसिनस, म्हणजे आत चिकट स्राव तयार करणाऱ्या सिस्टकडे मात्र लक्ष ठेवावे लागते, आणि आयपीएमएन त्यांतलीच एक. तिचे वर्णन जपानमध्ये १९८२ साली प्रथम झाले. तिच्यातही मुख्य नलिकेतील आणि शाखा-नलिकेतील असा भेद आहे आणि तो अतिशय महत्त्वाचा आहे. मुख्य नलिकेतील आयपीएमएन शस्त्रक्रियेने काढल्यावर निम्म्याहून अधिक वेळा तिच्यात कर्करोग किंवा त्याच्या अगदी अलीकडची अवस्था सापडते, म्हणून ती सहसा काढतात. शाखा-नलिकेतील आयपीएमएनचा स्वभाव बराच सौम्य असतो. टोकियो विद्यापीठात अशा १,४०४ रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०२० साली आकडे प्रसिद्ध झाले: स्वादुपिंडाचा कर्करोग ५ वर्षांत ३.३ टक्के, १० वर्षांत ६.६ टक्के आणि १५ वर्षांत १५ टक्के रुग्णांत आढळला. म्हणजे धोका खरा आहे, पण तो हळूहळू साचत जाणारा आहे. त्यासाठी घाबरून धावपळ करण्याची गरज नसते, मात्र पाठपुरावा मध्येच सोडून चालत नाही.

आपला मुख्य प्रश्न असा की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी हा वेग वाढतो का. प्रत्यारोपणानंतर कर्करोगाचा एकूण धोका वाढतो हे निर्विवाद आहे. अमेरिकेत १९८७ ते २००८ या काळातील १,७५,७३२ अवयव प्रत्यारोपणांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा तो सामान्य लोकसंख्येच्या सुमारे २.१ पट निघाला. परंतु ही वाढ सर्व कर्करोगांत सारखी नसते. लिम्फोमा आणि कापोसी सार्कोमा यांत ती फार मोठी आहे, कारण त्यांच्यामागे विषाणूंचा हात असतो आणि विषाणूंवर एरवी पहारा देणारी प्रतिकारशक्ती आपण औषधांनी दाबलेली असते. त्वचेच्या कर्करोगातही ती ठळक आहे. आयपीएमएनमधील बदल केआरएएस व जीएनएएस यांसारख्या जनुकांतील बिघाडांतून सुरू होतात. तिथे विषाणूची अशी भूमिका नाही. अमेरिकेतील काही मोठ्या केंद्रांनी प्रत्यारोपण झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांतील शाखा-नलिकेच्या आयपीएमएनची तुलना केली आहे आणि औषधांमुळे सिस्ट झपाट्याने बिघडते असे त्यांना दिसले नाही. या अभ्यासांतील रुग्ण थोडे आहेत आणि पाठपुरावा काही वर्षांचाच आहे, त्यामुळे त्यांच्यावर किती भार टाकायचा हे तारतम्याने ठरवावे लागते. तरीही युरोपातील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांच्या आधारे हेच सांगितले की प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा इतर रुग्णांप्रमाणेच करावा. थोडक्यात, धोका चौपट होतो असे मानायला आधार नाही.

माझ्या मते प्रत्यारोपणाच्या रुग्णांतली खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सिस्ट बिघडू लागल्याच्या ज्या खुणा आपण शोधतो, नेमक्या त्याच खुणा प्रत्यारोपणामुळे दुसऱ्याच कारणाने उमटतात. सीए १९-९ घ्या. पित्ताचा प्रवाह अडला की ती वाढते, मग स्वादुपिंड कितीही निरोगी असो. वडिलांची तपासणी बिलिरुबिन २.८ असताना झाली. त्या ८८ वरून कोणताच निष्कर्ष निघत नाही. स्टेंटनंतर बिलिरुबिन पूर्ण उतरून काही आठवडे झाले की ती पुन्हा करावी आणि तोच आकडा पुढच्या तुलनेचा पाया धरावा. मधुमेहाचेही तसेच. क्योटो येथील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी गेल्या वर्षभरात नव्याने उद्भवलेला किंवा अचानक बळावलेला मधुमेह चिंतेच्या खुणांत घातला आहे, आणि टॅक्रोलिमस व स्टेरॉइड यांनी तर प्रत्यारोपणानंतर अनेकदा मधुमेह होतो. वडिलांचा मधुमेह त्या औषधांबरोबर आला आणि त्याला बराच काळ लोटला, तेव्हा तो या खुणेत मोडत नाही. मात्र औषधांत बदल नसताना साखर एकाएकी हाताबाहेर जाऊ लागली आणि वजनही घटू लागले, तर ‘प्रत्यारोपणाचा मधुमेह आहे’ म्हणून सोडून देऊ नये. काविळीच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे. आज तिचे कारण जोड आकसणे हे आहे. पुढे कधी ती पुन्हा झाली तर पित्तनलिकेबरोबर स्वादुपिंडाचे डोके आणि मानही पाहून घेण्यास सांगावे. ईआरसीपीनंतर कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते, तीही सिस्टमुळे आली असे समजण्याची चूक होऊ शकते.

ज्या खुणा दिसल्यावर शस्त्रक्रियेचा विचार तातडीने होतो त्या म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्यातील सिस्टमुळे झालेली कावीळ, सिस्टमध्ये रंगद्रव्य घेणारी ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा अधिक फुगणे, आणि पेशींच्या तपासणीत कर्करोगाची शंका किंवा खात्री. ३ सेंटिमीटर किंवा अधिक आकार, ५ ते ९ मिलिमीटर नलिका, जाड झालेली भिंत, वर्षाला २.५ मिलिमीटर किंवा अधिक वाढ, या खुणा दिसल्या तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करून बारकाईने पाहतात. आपण कळवलेल्या वर्णनात यांपैकी काहीच नाही. २ सेंटिमीटरहून लहान सिस्ट सहा महिन्यांनी एकदा पाहावी आणि बदल नसल्यास पुढे दर १८ महिन्यांनी, असे क्योटो सूचना सांगतात. आपल्या डॉक्टरांचे सहा महिने तिथूनच आलेले आहेत. त्यात हयगय नाही. आज सुई घालून सिस्टमधील द्रव काढण्यातही फारसा अर्थ दिसत नाही, कारण एवढ्या लहान सिस्टमधून तपासणीपुरता द्रव मिळणेच अवघड असते.

टॅक्रोलिमस निम्मे करण्याविषयी: कृपया असे काही करू नका. यकृत नाकारले जाण्याचा धोका त्याने खरोखर वाढेल आणि सिस्टला त्याचा फायदा होईल असा पुरावा नाही.


हडसनकाठ, न्यू जर्सी

माझ्या आईच्या स्वादुपिंडातही अशीच सिस्ट आहे (तिचे प्रत्यारोपण झालेले नाही). येथील डॉक्टरांनी पाच वर्षे एमआरआय केले, बदल नाही हे पाहिले आणि आता पुढे तपासणीची आवश्यकता नाही असे सांगितले. वर टोकियोचे १५ वर्षांचे आकडे वाचून मनात प्रश्न उभा राहिला आहे. दोन देशांतील डॉक्टर एकाच आजाराविषयी इतके वेगळे कसे सांगतात?


पोटविकार, कोल्हापूर

अमेरिकेतील एका संघटनेच्या २०१५ च्या सूचनांनुसार, लहान आणि चिंतेच्या खुणा नसलेली सिस्ट पाच वर्षांत बदलली नाही तर पाठपुरावा थांबवता येतो. २०१८ साली त्याच देशातील दुसऱ्या संघटनेने असा सरसकट थांबा सुचवलेला नाही. रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य आहे तोवर पाहत राहावे असा तिचा कल आहे. क्योटो सूचनांत २ सेंटिमीटरखालील, पाच वर्षे स्थिर असलेल्या सिस्टबाबत थांबणे किंवा चालू ठेवणे हे दोन्ही पर्याय खुले आहेत. आईंचे वय आणि बाकीचे आजार यांचा विचार करून तो निर्णय घेतला असावा. त्यांच्या डॉक्टरांना कारण विचारण्यात गैर काहीच नाही. प्रत्यारोपण झालेल्या साठीतल्या रुग्णाच्या बाबतीत मी स्वतः पाच वर्षांनी थांबणार नाही, कारण त्याच्याविषयीचा दीर्घकाळचा अनुभवच अजून तोकडा आहे.


क्ष-किरण, नागपूर

मी रेडिओलॉजिस्ट आहे. वरील उत्तरात प्रतिमांविषयी थोडी भर घालतो.

गोदाकाठ, तुमच्या वडिलांचा प्रत्यारोपणापूर्वी तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन निश्चित झालेला असणार, कारण यकृताच्या रक्तवाहिन्या पाहिल्याशिवाय ही शस्त्रक्रिया होत नाही. त्याची सीडी घरातल्या कागदपत्रांत शोधा. छापील फिल्म किंवा नुसता अहवाल पुरेसा नाही, सीडीच हवी. त्या वेळी सगळ्यांचे लक्ष यकृताकडे असते आणि स्वादुपिंडातील सेंटिमीटरभर सिस्टचा उल्लेख अहवालात राहून गेलेला असू शकतो. ती सिस्ट तेव्हाही होती असे दिसले, तर चार वर्षांत ती कशी वागली हे आजच कळेल. त्यासाठी सहा महिने थांबावे लागणार नाही. मात्र एक सावधगिरी बाळगा. सीटीवर सिस्ट अनेकदा लहान दिसते आणि एमआरसीपीवर तीच थोडी मोठी मोजली जाते. दोन वेगळ्या यंत्रांवरील तीन-चार मिलिमीटरच्या फरकाला वाढ म्हणणे बरोबर नाही.

शाखा-नलिकेतील आयपीएमएन एमआरसीपीवर पुष्कळदा द्राक्षांच्या लहानशा घडासारखी दिसते आणि घडाचा देठ मुख्य नलिकेला जोडलेला सापडला की निदान बरेच पक्के होते. आभासी सिस्टला असे कप्पे सहसा नसतात. तुमच्या अहवालात ‘जोडलेली असावी’ असे लिहिले आहे. पुढच्या वेळी पातळ छेदांची एमआरसीपी करून हा दुवा खात्रीने पाहावा, अशी विनंती करता येईल.

क्रिएटिनिन दीड असल्यामुळे रंगद्रव्याची चिंता तुम्हाला कुणी घातली असेल. एमआरसीपीला मुळात रंगद्रव्य लागतच नाही, नलिकांतील द्रव स्वतःच उजळ दिसतो, आणि केवळ आकार व नलिकेची रुंदी पाहायची असेल तर तेवढे पुरते. सिस्टच्या आत गाठीची शंका असेल तेव्हाच गॅडोलिनियम हे एमआरआयचे रंगद्रव्य द्यावे लागते. आजकाल वापरात असलेल्या गॅडोलिनियमच्या सुरक्षित प्रकारांनी मूत्रपिंडाचे काम मध्यम कमी असलेल्या रुग्णांना अपाय होण्याची शक्यता अत्यल्प आहे. सीटीच्या आयोडीनयुक्त रंगद्रव्यापेक्षा मी अशा रुग्णांत एमआरआयच पसंत करतो. शिवाय वर्षानुवर्षे तपासणी करायची असताना क्ष-किरणांचा मारा टळतो तो वेगळाच. स्टेंट प्लास्टिकचा असेल तर प्रतिमेला बाधा येत नाही. धातूचा असेल तर त्याच्या आजूबाजूचा भाग काळवंडतो आणि स्वादुपिंडाचे डोके नीट दिसत नाही, म्हणून तो काढल्यानंतरची तारीख घ्यावी.

आणखी एक गोष्ट मी दर वेळी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगतो. आयपीएमएन असलेल्या रुग्णात कर्करोग त्या सिस्टमध्येच होईल असे नाही. स्वादुपिंडाच्या दुसऱ्याच भागात, सिस्टशी संबंध नसलेला कर्करोगही उद्भवू शकतो. जपानी डॉक्टरांनी हे प्रथम ठासून मांडले. त्यामुळे दर वेळी सिस्ट मोजून अहवाल संपवू नये, पूर्ण ग्रंथी डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहावी आणि मुख्य नलिका कुठे अचानक अरुंद होऊन पुढे फुगली आहे का, हे नोंदवावे. चिठ्ठीवर ‘यकृत प्रत्यारोपण झालेले, शाखा-नलिकेच्या आयपीएमएनचा पाठपुरावा’ एवढे स्पष्ट लिहून आणले तर तपासणारा त्या दृष्टीने पाहतो. नुसते ‘पोटाचा एमआरआय’ लिहिलेली चिठ्ठी आली की सगळे लक्ष पुन्हा यकृताकडे जाते.


वाचक, सातारा

आमच्याकडेही प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे. वरील माहिती फार उपयुक्त वाटली. अशा गाठी विरघळाव्यात म्हणून गुळवेलीचा काढा द्यावा, असे घरातील वडीलधारी मंडळी वारंवार सुचवतात. त्याने प्रतिकारशक्ती वाढते आणि कर्करोग दूर राहतो, असे त्यांचे म्हणणे. हे देणे सुरक्षित आहे का?


पोटविकार, कोल्हापूर

प्रत्यारोपणाच्या रुग्णाला गुळवेल देऊ नये. ज्या यकृतासाठी आपण रोज औषध देऊन प्रतिकारशक्ती आवरून धरतो, तिलाच चेतवणारे काही देणे म्हणजे ते यकृत नाकारले जाण्यास हातभार लावणे होय. शिवाय २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती आणि ती इजा स्वतःच्या प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही खरे. पण ज्याचे यकृत दुसऱ्याकडून मिळालेले आहे त्याच्यावर या वादाची परीक्षा पाहू नये. सिस्ट कोणत्याही काढ्याने विरघळत नाही.

वडीलधाऱ्यांना कर्करोग टाळण्यासाठी काही करायचेच असेल तर रुग्णाची तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू बंद राहील हे पाहण्यात त्यांची फार मोठी मदत होईल. धूम्रपानाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे पक्के ठाऊक आहे. आणि दारूमुळे यकृत बदलावे लागलेल्या, तंबाखू खाणाऱ्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर तोंडाचा व घशाचा कर्करोग हा स्वादुपिंडाच्या सिस्टपेक्षा कितीतरी जवळचा धोका असतो, तरी त्यांचे तोंड उघडून पाहण्याचे आपल्याकडे राहून जाते.


गोदाकाठ, नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भावाला उत्तर वाचून दाखवले. तो काही बोलला नाही, पण रात्री आत्याला त्याने स्वतःच फोन करून समजावून सांगितले.

सीडी सापडली. आमच्या डॉक्टरांनी ती रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा पाहून घेतली. प्रत्यारोपणापूर्वीच्या सीटीवर त्याच जागी ११ मिलिमीटरची सिस्ट होती, अहवालात तिचा उल्लेख नव्हता. बिलिरुबिन ०.९ वर आले असून सीए १९-९ पुन्हा केली, ती २९ आली.

दोन शंका उरल्या आहेत. ११ वरून १६ ही वाढ समजायची का? आणि पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ती झेपते का? मला आणि भावाला स्वादुपिंडाची तपासणी करून घेण्याची गरज आहे का, हेही आईने विचारायला सांगितले आहे.


पोटविकार, कोल्हापूर

हे तिन्ही निकाल समाधानकारक आहेत. सीए १९-९ उतरली याचा अर्थ ती पित्त तुंबल्यामुळेच वाढली होती. ११ ते १६ हा फरक पूर्णपणे खरा धरला तरी चार वर्षांहून अधिक काळात ५ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आत. चिंतेची मर्यादा वर्षाला २.५ मिलिमीटर आहे. त्यातही काही भाग सीटी व एमआरआय यांच्या मोजमापातील फरकाचा असणार, हे वर सांगितलेच आहे. विशेष म्हणजे ही सगळी वर्षे टॅक्रोलिमस चालू असतानाची आहेत.

शस्त्रक्रिया करता येते. प्रत्यारोपणानंतर अशा शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. पण ती सोपी नसते. सिस्ट मानेजवळ असल्याने कोणता भाग काढावा लागेल हे त्या वेळच्या स्थितीवर ठरेल. डोक्याकडचा भाग काढायचा झाल्यास पित्तनलिकेचा जोड पुन्हा उलगडून नव्याने बांधावा लागतो आणि यकृताला रक्त देणारी धमनी अगदी शेजारून जाते; तिला धक्का लागला तर भावाने दिलेले यकृतच धोक्यात येते. म्हणून असा निर्णय स्वादुपिंडाचे शल्यविशारद आणि प्रत्यारोपणाचा चमू यांनी एकत्र बसूनच घ्यायचा असतो. याच कारणासाठी क्षुल्लक शंकेवरून शस्त्रक्रिया करू नये आणि ठोस खुणा दिसल्यावर टाळू नये, अशी दुहेरी शिस्त प्रत्यारोपणाच्या रुग्णांत अधिक कसोशीने पाळावी लागते. यकृत व्यवस्थित काम करत आहे, प्लीहेची सूज आणि पोटातील फुगलेल्या शिरा ओसरल्या असाव्यात, ही बाजू मात्र त्यांच्या फायद्याची आहे. सिरॉसिस असताना हीच शस्त्रक्रिया कितीतरी अधिक धोक्याची ठरली असती.

तुम्हा भावंडांना तपासणीची गरज नाही. आई-वडील किंवा भावंडे यांच्यापैकी कुणाला, विशेषतः एकाहून अधिक जणांना, स्वादुपिंडाचा कर्करोग झाला असेल तर तशी तपासणी सुचवू शकतात. वडिलांना सिस्ट असणे हे त्याचे कारण होत नाही. पुढचा एमआरआय ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनीच करावा, शक्यतो त्याच यंत्रावर, आणि जुन्या सीटीची सीडी त्या दिवशीही सोबत न्यावी.